निळ्या काठाचा कप

धुकं इतकं दाट, की कॅन्टीनच्या मोरीतून समोरची भिंत दिसेना. पाणी असं गार, की बोटं आपली की शेजारणीची तेच कळेना. मावशी सकाळच्या कपबशा विसळत बसल्या होत्या.

जन्म कप धुण्यात गेल्यावर त्यांना एक कळलं होतं : कप म्हातारा होऊन मरत नाही. ना सांधे धरतात, ना खोकला. जातो तो हातून निसटून, कुणाचं कोपर लागून. एरवी जगबुडीपर्यंत तसाच. तरी कॅन्टीन उघडलं तेव्हाच्या निळ्या काठाच्या कपांतला आता एकच उरला होता. मालकांनी काल तो भिंतीवरच्या काचेच्या कपाटात ठेवला.

"हा आता अमर बरं का, मावशी!"

मावशींना ते पटेना. रात्री जेवताना त्यांनी नवऱ्यापुढे हाच विषय काढला. नवरा रंगारी, दोराच्या झुल्यावर बसून उंच इमारती रंगवणारा. पण शेजारच्या झुल्याचा दोर तुटून सोबत्याचा पाय मोडला, त्या दिवसापासून याने उंबरा ओलांडला नव्हता. कामावर येणार की नाही, हे मुकादमाला उद्या सांगायचं होतं.

"बरोबर केलं मालकांनी," तो म्हणाला. "दोर काय रोज तुटतो? पण रोज चढणाऱ्याचा कधीतरी तुटणारच. घरात बसलेल्याला काय होतंय?"

"कधीच नाही? माणसाला मरणच नसतं आणि तो लाख वर्षं घरात बसला असता, तरी?"

"तरी."

"अहो, कपाट खिळ्यावर असतं. खिळा भिंतीत."

त्याच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. आणि आज धुकं विरायच्या आत मफलर गुंडाळून स्वारी कॅन्टीनच्या दारात! मावशींच्या हातची बशी पडता पडता राहिली.

"कुठंय ते कपाट?"

त्याने बोटाच्या पेराने भिंत ठोकली. कान लावला. जरा खाली पुन्हा ठोकली.

"ओल आलीय. गिलावा पोकळ झालाय."

"पडेल?" मालक धावत आले.

"आज नाही, उद्या नाही. पण असंच लटकत राहिलं तर कधीतरी पडणारच..." बोलता बोलता तो थबकला.

"कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय," मावशी बशी पुसत म्हणाल्या. "आपल्या घरच्या भिंती ठोकून बघितल्यात का कधी?"

त्याने कप खाली काढला. मालकांनी त्यातच त्याला चहा ओतला. तो बराच वेळ फुंकर घालत राहिला.

"झुल्याला दोन दोर लावले तर?" तो एकदम म्हणाला. "एक तुटेल कधीतरी. पण दोन्ही एकाच वेळी तुटायला किती वाट बघावी लागेल गं?"

"लाख वर्षं?"

"तेवढं कोण जगतंय इथं!" तो हसला. "सांगतो मुकादमाला. दोन दोर असतील तर येतो."

तो गेला. मावशींनी त्याचा रिकामा कप उचलला, बाकीच्यांबरोबर टबात बुडवला आणि कानाच्या आतून बोट फिरवून घासायला घेतला.