मामांची होडी आणि बारा व्होल्टची मोटर

भुतांबद्दल माझं एकच निरीक्षण होतं — ती नेहमी सांगणाऱ्याच्या मित्राच्या काकांना दिसतात. नाशिकच्या कॉलेजात सव्वीस वर्षं फिजिक्स शिकवल्यावर याहून जास्त आदर दाखवणं जमत नव्हतं. त्यामुळे पुढचं लिहिताना जरा लाज वाटते आहे...

माझे मामा सायखेड्याला राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, गोदावरीत छोटी फायबरची होडी. मामी होती तोवर वल्हं तिच्या हाती, जाळं मामांच्या. ती गेल्यावर दोन्ही कामं मामांकडे आली आणि यंदा त्यांच्या उजव्या खांद्याने नकार दिला. मामेभाऊ विलासने होडीला गिऱ्हाईक शोधलं. त्या दिवसापासून मामांचं जेवण निम्म्यावर आलं.

म्हणून मी मध्ये पडलो. होडीच्या मागे अडकवायची छोटी इलेक्ट्रिक मोटर घेऊ, म्हटलं.

"दादा, शनिवारपर्यंत एकदा नीट जाऊन-येऊन दाखवा," विलास म्हणाला. "नायतर रविवारी होडी देऊन टाकतो."

मी अभ्यास केला. होडी, दोन माणसं, जाळं, बॅटरी मिळून तीनेकशे किलो; पंचेचाळीस पौंड थ्रस्टची मोटर पुरे. बॅटरी मात्र डीप सायकल हवी, तासन्‌तास बेताचा करंट देणारी. ट्रॅक्टरची बॅटरी एका झटक्यात इंजिन फिरवण्यापुरती असते, हे मी विलासला अर्धा तास समजावलं. मोटर आली, बॅटरी आली नाही... आणि शनिवारी दुपारी मीच द्राक्षफवारणीच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून होडीत ठेवली.

पाऊण तास झकास गेला. जाळं काढायला प्रवाहाबरोबर पुलाच्या दिशेने उतरलो आणि मोटर घरघरून थांबली. मी मोटरच्या वायरींच्या दोन्ही क्लिपा बॅटरीवरून काढून मीटर लावला — बाराच्या जागी साडेदहा व्होल्ट. संपली. होडीच्या तळात पाणी होतं, म्हणून क्लिपा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली.

पश्चिमेचा वारा सुटला होता. पुलाला पानवेलींचा ढीग अडकलेला. त्यात शिरलो असतो तर विलासलाच दोर घेऊन बोलवावं लागलं असतं. मी वल्हं घेतलं. होडी जागच्या जागी गोल फिरू लागली.

"भाचेबुवा, घाणा चालवता का?" मामा म्हणाले. "बसा खाली."

मोटरच्या दांड्यावर हात ठेवून ते, मामी बसायची त्या पुढच्या रिकाम्या फळीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "चल गं. लेक वाट बघतोय."

घुंऽऽ... मोटर सुरू झाली.

मला नवल वाटलं नाही. थोडी विश्रांती मिळाली की बॅटरी पाचेक मिनिटं उभारी धरते, हे पुस्तकातलंच. पण ती पंचवीस मिनिटं चालली. प्रवाहाविरुद्ध, वाऱ्याविरुद्ध. मध्येच मामा म्हणाले, "दमानं. हात भरून येतील तुझे." माझे हात मांडीवर होते.

काठावर विलास उभा होता. "चालती का?"

"लय भारी!" मामा म्हणाले.

मी बॅटरी उचलायला वाकलो. पायाशी पिशवी होती. क्लिपा आत, गाठ तशीच — त्या परत लावल्याच नव्हत्या, हे आत्ता ध्यानात आलं.

"दादा, तुम्ही सांगा. खरं खरं."

आयुष्यभर वर्गात म्हणत आलो, रीडिंग आलं तसंच लिहा. विलासकडे बघितलं, मग मामांकडे. म्हणालो, "चालली." हे खोटं होतं का, तेही मला नक्की सांगता येत नाही. विलासने तिथूनच गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून कळवलं.

नंतर मी मीटर तपासला, मोटर उघडून पाहिली. मीच क्लिपा लावून परत काढल्या आणि विसरलो, असंही स्वतःला पटवून पाहिलं. नवीन बॅटरी आली आहे, मामा रोज पाण्यात असतात, दोन वेळा नीट जेवतात. क्लिप काढली की मोटर थांबते, मी पुन्हा पुन्हा करून पाहिलंय.

मामांना एकटं गाठून ती पिशवी दाखवली. ते गालातल्या गालात हसले.

"विलासला नका सांगू. म्हणंल, मग मोटर कशाला घेतली?"

सांगितलेलं नाही. इथे निर्धास्त लिहितोय, कारण तो द्राक्षांच्या भावापलीकडे काही वाचत नाही.