फोटोतून वगळलेली रेती

सब्जाचं पान चुरगळलं की मला इस्रायलच्या वाळवंटातल्या डिमोना गावचं त्रेसष्ट साल आठवतं. आई कोकणात, खाडीतल्या आमच्या बेटावर एकटी राहिली होती. तिनं पत्रात लिहिलं होतं, "जिथे झाड नाही, कोंबडी नाही, तिथे मी येणार नाही." मला ती यायला हवी होती. नवरा कारखान्यात गेला की दिवसभर बोलायला कोणी नसायचं. म्हणून मी बॉम्बेहून आणलेला बॉक्स कॅमेरा काढला आणि तेलाच्या डब्यात लावलेला सब्जा, शेजारच्या मोरोक्कोवालीची कोंबडी, दवाखान्यापुढचं एकुलतं झाड, असे फोटो जवळ जाऊन काढले. नवरा म्हणाला, "अगं, रेती पण काढ की, इथे तीच जास्त आहे." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा." दोन महिन्यांनी आईचं उत्तर आलं, "फोटो बघून जीव थंड झाला. तुझं सगळं नीट आहे. आता मी येऊन काय करू? इथल्या माझ्या झाडांना पाणी कोण घालेल?" ती आलीच नाही. रेती दिसली असती तर माझ्यासाठी धावत आली असती. आता नात मोबाईलवर फोटो काढते, तेव्हा मी तिला सांगते, रेती सोडू नकोस. ती हिब्रूत विचारते, "का?" एवढं सगळं सांगण्याइतकं हिब्रू मला येत नाही.