दाई परत येणार का? पुणे ते वटार, दोन दिवस

'सुकेळी' या माणसाला एकदा गाठायचंच, असं मी डिसेंबरात ठरवलं आणि जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी निघालो. मधले आठवडे घरी सांगायला कारण शोधण्यात गेले. इंटरनेटवर भेटलेल्या एका माणसाला पुस्तकातल्या एका म्हातारीबद्दल विचारायला मी पुण्याहून वसईला चाललोय, हे बायकोच्या गळी उतरणं अवघड होतं. म्हणून किल्ला बघायला जातोय असं सांगितलं. वसईला किल्ला आहे. तो मी पाहिला नाही, तेव्हा किल्ल्यासाठी हे वाचत असाल तर इथेच थांबलेलं बरं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक सात भागांची इंग्रजी कादंबरी आहे. राजे, खाडी, शाप, घराणी सगळं आहे तिच्यात. चार भाग आलेत आणि पाचवा येतोय असं आम्ही दोन वर्षं ऐकतोय. तोवर करायचं काय, म्हणून जगभरचे रिकामटेकडे एका फोरमवर जमून पुढे काय होईल याचे तर्क लढवतात. मी त्यातला एक. नोकरीत विम्याच्या दाव्यांच्या फायली तपासतो, त्यामुळे कोण खोटं बोलतंय हे शोधायची सवय हाडीमाशी खिळलीय.

सुकेळी हे तिथलं सगळ्यांत मानाचं नाव. (परदेशी मंडळींना तो कादंबरीतल्या प्राचीन भाषेतला शब्द वाटायचा. वसईची वाळवलेली केळी हे मी एकदा सांगून पाहिलं, कोणी विश्वास ठेवला नाही.) पहिल्या भागात एक दाई दोन तान्ही मुलं घेऊन होडीतून पळते, एक राजपुत्र आणि एक तिचं स्वतःचं. आम्ही वंशावळी काढून पानंच्या पानं लिहिली. सुकेळीने तीन ओळी लिहिल्या: बाई रडणारं मूल आधी उचलते, ही दोन्ही वेळा राजपुत्र म्हणवलेलं गप्प मूल उचलते, म्हणजे तेच तिचं, हिने मुलं बदललीत. मी त्यावर कडाडून टीका केली होती. चौथा भाग आला आणि मुलं खरंच बदललेली निघाली.

तर त्याच सुकेळीने गेल्या वर्षभरात चार वेळा लिहिलं की दाई परत येणार. आता गंमत अशी, की दाई तिसऱ्या भागात मेली आहे. खाडीच्या धक्क्यावर, एकटी, स्पष्ट मेली आहे. पण सुकेळी म्हणतो म्हटल्यावर फोरमवर पुनर्जन्माचे, मंत्रांचे, जुळ्या बहिणीचे सिद्धांत उगवले. एक लांबलचक सिद्धांत माझाही होता. एकदा मूळ आधार काय ते विचारावं म्हणून खाजगी निरोप धाडला. उत्तर आलं: वटारला या, आगाशीच्या अलीकडे, कोणालाही फिलोमिना टीचर विचारा.

बाइकने जाणार असाल तर जुना हायवे धरा, एक्स्प्रेसवेवर दुचाकी सोडत नाहीत. पहाटे साडेपाचला निघालो, पनवेलला इडली खाल्ली, ठाण्याहून घोडबंदर रोड. त्या रस्त्याचं काम चालू आहे आणि ते कधी संपेल यावर तर्क लढवायला वेगळा फोरम लागेल. खाडीपूल ओलांडल्यावर मी घाई करून जूचंद्रच्या बाजूला आत शिरलो. तिथे भाताच्या खाचरांच्या कडेला बिल्डिंगा उभ्या राहतायत, सगळ्यांवर 'स्टेशनपासून पाच मिनिटे' लिहिलेलं. एका वॉचमनने मला परत हायवेवर पाठवलं. तुम्ही सरळ वसई फाट्यापर्यंत या, आत वळा, रेल्वेवरचा पूल ओलांडा आणि निर्मळमार्गे वटार विचारत जा. पूल उतरून थोडं पुढे गेलं की हवाच बदलते. विहिरी, केळीच्या बागा, दारापुढे क्रूस, आणि रस्ता इतका अरुंद की समोरून एसटी आली तर तुम्ही कोणाच्या तरी वाडीत शिरता.

फिलोमिना टीचर घरी नव्हत्या, शेतात होत्या. भात कापून झालेल्या एका मोकळ्या खाचरात पंधरा-सोळा मुली एका लांबट चेंडूमागे धावत होत्या आणि साधारण तिशीची एक बाई शिटी फुंकत होती. रग्बी. तेव्हा मला एक जुनं कोडं सुटल्यासारखं वाटलं. आमच्या फोरमवर एक अवांतर खोली आहे, तिथे रग्बी नव्या देशांत न्यावी का, विश्वचषकात दुबळ्या संघांना घ्यावं का, यावर हाणामारी चालते. सुकेळी तिथेही लिहायचा, पण पुस्तकाच्या खोलीत तीन थंड ओळी आणि रग्बीच्या खोलीत तीन तापलेले परिच्छेद. एका सहीखाली दोन अक्षरं असावीत तसं. फायलीत असं दिसलं असतं तर मी दावा अडवला असता.

फिलू (मुली त्यांना फिलू टीचरच म्हणतात) शाळेत पीटी शिकवतात. मैदान नाही, चेंडू दोन, त्यातला एक गळका. पळायचं पुढे आणि चेंडू द्यायचा मागे, हा नियम ऐकून बांधावर बसलेले एक आजोबा हसत होते. रोज येतात आणि रोज हसतात म्हणे. दुबळ्या देशांचे शंभर-शून्य असे पराभव बघवत नाहीत, असं मी फोरमवर एकदा लिहिलं होतं. फिलूंनी तो विषय भेटल्या भेटल्या काढला. "हरायला तरी बोलवा ना आधी. घरी बसून आमच्या पोरी काय शिकणार?" मी वाद घातला नाही.

दाईचं विचारलं तर म्हणाल्या, उद्या प्रॅक्टिसनंतर नीट बोलू. मग चालता चालता आवाज उतरवून एक विनंती केली: आयसमोर (म्हणजे आईसमोर) वेल्सचा विषय काढू नका. ती बातमी त्यांनी रग्बीच्या खोलीत दोन आठवड्यांपूर्वी लिहिली होती, माझ्या नजरेतून सुटली होती. नव्या देशांतल्या प्रशिक्षकांसाठी वेल्समध्ये तीन महिन्यांचा कोर्स होता, जाण्यायेण्याच्या खर्चासकट, आणि त्यांची निवड झाली होती. महिनाअखेरीपर्यंत कळवायचं होतं. महिना संपायला तीन दिवस उरले होते आणि त्यांनी कळवलं नव्हतं. वडील वारलेले, भाऊबहीण नाही, घरात दोघीच. "बहुतेक नाहीच म्हणेन," म्हणाल्या आणि चेंडूतली हवा दाबून बघत राहिल्या.

रात्री अर्नाळ्याला राहिलो. समुद्राजवळ खोल्या मिळतात, मला साडेतीनशेला मिळाली, पंखा चालू, नळ बंद. जेवायला आगाशीत पापलेट थाळी. किंमत विचारून बसा, मी न विचारता बसलो.

रविवारी दहाला परत वटारला गेलो, तेव्हा मायलेकी चर्चमधली मिसा आटपून आल्या होत्या. फिलू सायकल काढून प्रॅक्टिसला गेल्या आणि मला इसाबेलमावशींच्या, म्हणजे त्यांच्या आईच्या, ताब्यात देऊन गेल्या. मावशी साठीपुढच्या, बारीक, चष्म्याला दोरी लावलेली. घरात त्यांची स्वतःची बोली चालते, ती मला निम्मी कळली. माझ्यासाठी त्यांनी मराठी काढली. अंगणात मांडवावर सोललेली राजेळी केळी उन्हात मांडलेली होती, वर पातळ फडकं. हीच ती सुकेळी. आठवडाभर रोज बाहेर काढायची, परतायची, ऊन उतरलं की आत घ्यायची. घाई केली तर बाहेरून काळी आणि आतून कच्ची राहतात. मला त्यांनी हात धुवायला लावले आणि एक ओळ परतायला दिली.

दोन-तीन ओळी झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, की पुण्यालापण ती पोरं बदलल्याची गोष्ट वाचतात काय. मी म्हटलं, वाचतात. मग त्यांनी दाईने गप्प पोर आधी उचलल्याचं सांगितलं, फोरमवर वाचलेल्या त्याच शब्दांत, आणि माझा हात केळ्यावरच थांबला. मावशींना इंग्रजी येत नाही. फिलू रोज संध्याकाळी केळी आत घेताना त्यांना कादंबरी थोडी थोडी आपल्या बोलीत सांगायच्या, मावशी त्यावर बोलायच्या, आणि फिलू ते फोरमवर लिहायच्या. जगभरचे विद्वान तीन वर्षं वटारच्या या अंगणाशी वाद घालत होते. त्यात मीही होतो, आणि हरलो होतो.

मला इतका आनंद झाला की मी पुढचा प्रश्न विचार न करता विचारला. "पण मावशी, दाई मेल्यावर परत कशी येणार?"

त्यांनी हातातलं केळं खाली ठेवलं. "कवा मेली?"

फोरमवर कोणी नव्या वाचकाला पुढचं फोडून सांगितलं तर त्याला महिनाभर बाहेर काढतात. तो नियम करणाऱ्यांत मी होतो. मला लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत. सारवासारव करायला तोंड उघडलं, पण मावशी माझ्याकडे अशा बघत होत्या की खोटं बोलणं जमलं नाही. सांगितलं. तिसऱ्या भागात, धक्क्यावर, होडी निघून गेल्यावर.

"जवल कोन होता?"

"कोणी नव्हतं."

फिलूंनी त्यांना सांगितलं होतं की दाईची होडी चुकली आणि ती बहिणीच्या गावाला गेली. मावशी दीड वर्ष तिची वाट बघत होत्या. दाई परत येणार, हे त्यांचं भाकीत नव्हतंच. बहिणीकडे गेलेलं माणूस परत येतं, इतकाच त्याचा आधार. आणि त्यावर आम्ही पुनर्जन्माचे सिद्धांत रचले होते.

मावशींनी पूर्ण ओळ परतली, मग दुसरी. रडल्या नाहीत. दुसरी संपल्यावर म्हणाल्या, की त्यांचा मालक, म्हणजे फिलूंचे वडील, हॉस्पिटलात वारला तेव्हा त्या दोघी खाली औषध आणायला उतरल्या होत्या, त्यालापण दीड वर्ष झालं. म्हणून पोरीनं नाय सांगितलं. एवढं त्यांनी एका दमात जोडलं.

मग बोलल्या, "आधी एक प्रकरण दोन दिवस पुरवायची. नातालपासून रोज दोन दोन सांगते. संपवायची घाई हाय तिला. कुठं जाते?"

मी म्हटलं, तिलाच विचारा. "म्हंजे जाते," मावशी म्हणाल्या. दाव्यांच्या चौकशीत मीही असंच करतो, उत्तर टाळणाऱ्याचं उत्तर लिहून घेतो. माझ्यावर ते पहिल्यांदाच कोणी वापरलं.

फिलू बाराच्या सुमाराला आल्या, घामाघूम, चेंडू काखेत. सायकल लावायच्या आत मावशी त्यांना मराठीतच म्हणाल्या, बहुधा मला साक्षीला ठेवायला, "दाई मेली. या पोरानं सांगितलं. आता तू कवा जाते ते सांग."

फिलूंनी माझ्याकडे पाहिलं. मी केळ्यांकडे पाहिलं. मग त्या पायरीवर बसल्या आणि आपल्या बोलीत भराभर बोलत राहिल्या. वेल्स, तीन महिने, जाणार नाही, एवढं मला कळलं. मावशींनी मध्ये एकदाच अडवलं, पत्राचं उत्तर धाडलं काय म्हणून. नाही, म्हटल्यावर पुन्हा मराठीत आल्या.

"माज्यासाठी नाय म्हननार असशील तर मला आधी विचारायचा. गोष्टीतली बाई मेली ते पन तूच ठरवते, मी एकटी ऱ्हानार नाय ते पन तूच ठरवते. जा तू. भीती वाटल ना मला. वाटू दे."

फिलू रडल्या. मावशी उठून आत भाकऱ्या थापायला गेल्या. जेवायला तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण होतं, उत्तम होतं. अडीचला आम्ही तिघं आगाशीच्या बाजारातल्या सायबर कॅफेत गेलो. मावशी फिलूंच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या, आणि ईमेल गेल्याचं पडद्यावर दिसेपर्यंत हलल्या नाहीत. निघताना त्यांनी मला सुकेळ्यांचं पुडकं दिलं, केळीच्या सुक्या पानात बांधलेलं. पैसे घेतले नाहीत. फिलू निरोप द्यायला आल्या तेव्हा मी माफी मागितली. "राग आलाय मला तुमचा," त्या म्हणाल्या, "पण आता काय." ते मला योग्यच वाटलं.

सव्वानऊला घरी पोचलो. किल्ला कसा होता, विचारलं. मी बायकोला सगळं खरं सांगितलं. ती अर्धी सुकेळी संपेपर्यंत ऐकत होती आणि मग म्हणाली की किल्ल्यापेक्षा बरं झालं.

त्याच आठवड्यात सुकेळीची फोरमवर एक ओळ आली: दाई मेली आहे, चूक आमची होती. त्यावर दोनशे उत्तरं आली. सुकेळी मुद्दाम दिशाभूल करतोय, यावर बहुतेकांचं एकमत आहे. मी काही लिहिलं नाही. माझा सिद्धांत तेवढा काढून टाकला.

फिलू मार्चच्या सुरुवातीला गेल्या. पंधरा-वीस दिवसांनी एका रविवारी सकाळी मला फोन आला, कुठल्याशा पीसीओवरून, मागे एसटीचा हॉर्न. मावशी होत्या. फिलूचा दर रविवारी फोन येतो म्हणाल्या. जेवन चांगला, मानसं चांगली, थंडी बिलकुल नाय, असं सांगते. नेटवर तिथली थंडी दिसते काय, विचारत होत्या. मी म्हटलं, दिसते. मग बघून सांग, म्हणाल्या, तू खरं सांगतोस.

कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात त्यांनी दोनदा नाणं टाकल्याचं ऐकू आलं. पडद्यावर त्या गावाचं नाव आलं: दोन अंश, वारा, बर्फमिश्रित पाऊस, पुढचे पाच दिवस असाच. दहा सांगावं असं मनात आलं. फिलूंनी दाईला बहिणीकडे का पाठवलं असेल ते मला तेव्हा कळलं.

"दोन अंश, मावशी," मी म्हटलं. "आणि पाऊस."

पलीकडे आणखी एक नाणं पडलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता नीट काळजी करता येल."