पिळाचं लॉक आणि डबीभर वाळू

९ नोव्हेंबर २००३, रक्कम १८,६५०. कंपनीच्या पतसंस्थेचा मी तेव्हा खजिनदार होतो आणि हे कर्ज माझ्या सहीने मंजूर झालं. कारणाच्या रकान्यात अर्जदाराने लिहिलं होतं, 'कॅमेरा व लेन्स'. त्या रजिस्टरात लग्न, आजारपण आणि घरदुरुस्ती सोडून दुसरं कारण मी पहिल्यांदाच पाहत होतो. हप्ते छत्तीस.

अर्जदार म्हणजे आमचा स्टोअरकीपर. गोदामात त्याची एकोणतीस वर्षं गेली. आलेला खोका उघडून आतला माल मोजल्याशिवाय रॅकवर चढवायचा नाही, हा त्याचा नियम. खोका कंपनीच्या सीलचा असो की ओळखीच्या व्यापाऱ्याचा, तो उघडायचाच. पुरवठादार वैतागायचे. "अहो, सील तरी बघा!" म्हणायचे. हा म्हणायचा, "सील बाहेरून आहे. माल आत आहे." त्याच्या साठ्याच्या वहीत कधी फरक निघाला नाही. ऑडिटर त्याच्याकडे फक्त चहा प्यायला जात.

रविवारी तो पक्ष्यांचे फोटो काढायला जायचा. सहा वर्षं साध्या कॅमेऱ्यावर भागवल्यावर त्याने हे कर्ज काढलं. ट्रायपॉड त्याच्याकडे आधीपासून होता, जुना, पिळाच्या लॉकचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रायपॉडच्या प्रत्येक पायात एकात एक बसणाऱ्या नळ्या असतात. हव्या तितक्या बाहेर ओढायच्या आणि जागेवर आवळायच्या. आवळायचे दोन प्रकार. एकात बाटलीच्या झाकणासारखं कडं पिळायचं. दुसऱ्यात छोटी पट्टी खटकन दाबून बसवायची. पिळाचं लॉक बाहेरून गुळगुळीत, कुठे अडकत नाही, आवाज करत नाही. पण ते घट्ट आहे की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. खटक्याचं लॉक दहा पावलांवरून दिसतं, उघडं की बंद.

शहरातल्या निसर्ग छायाचित्र क्लबाचा तो सभासद होता. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपणच बोलत राहायची धंद्यातली सवय त्यांना क्लबातही होती. एप्रिल २००४मध्ये डॉक्टरांनी त्याचा ट्रायपॉड आठवडाभर मागून नेला, नदीच्या पात्रात फोटो काढायला. परत दिला तो पुसून, चकचकीत करून. डॉक्टरांसारख्या माणसाने आपला ट्रायपॉड पुसून दिला, याचंच याला कौतुक. आयुष्यात एकदाच त्याने आलेला माल न उघडता रॅकवर ठेवला.

पुढच्या रविवारी क्लबाची सगळी मंडळी टेकडीमागच्या तळ्यावर गेली. याने काठावरच्या खडकावर ट्रायपॉड लावला, कडी पिळली, नवा कॅमेरा चढवला आणि बॅगेतून दुसरी लेन्स काढायला मागे वळला. पाण्याकडचा पाय हळूहळू आत सरकला आणि सगळं तळ्यात गेलं. डॉक्टर दोन पावलांवर उभे होते. पाय सरकताना त्यांनी पाहिला होता. त्यांनी हात पुढे केला नाही. गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला.

तो फोटो मी पाहिला आहे. कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला, तोंड उघडं पडलेला माणूस, हातात गळणारा कॅमेरा आणि मागे उडून चाललेलं बदक. क्लबाच्या वार्षिक स्पर्धेत त्याला विनोदी विभागात दुसरा क्रमांक मिळाला. डॉक्टरांनी खाली नाव दिलं होतं, 'ढिलोबा'. फोटो क्लबाच्या भिंतीवर लागला आणि नाव गावभर झालं. आमच्या ऑफिसात पोचायला त्याला चार दिवस लागले. "ढिलोबा, अमक्या खोक्याचं काय झालं?" असं शिपाईसुद्धा विचारू लागला.

तळ्यावरून आल्यावर त्याने अंगणात पेपर पसरून ट्रायपॉडची कडी सोडवली. आत ओली, जाड, नदीची वाळू. स्वतः तो वर्षभरात नदीवर गेला नव्हता. ती वाळू त्याने फिल्मच्या काळ्या डबीत भरली आणि डबी घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टर एका बाईंचा दात पाहत होते.

"डॉक्टर, ही माझ्या ट्रायपॉडमधून निघाली."

"मग?"

"नदीची आहे."

"अहो, वाळू काय, कुठेही असते," डॉक्टर म्हणाले. "पाय आवळता येत नाहीत आणि दोष वाळूला? तुम्ही तोंड मिटू नका हो बाई."

हप्ते उरले होते एकतीस. दर महिन्याच्या पगारपत्रकावर तो माझ्यासमोर सही करायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, "खजिनदार, पावती तळ्यातल्या माशांच्या नावाने फाडा." पहिले दोन-तीन महिने मी हसलो. नंतर त्याच्या तोंडाकडे बघून हसू येईना. शेवटचा हप्ता फिटला, त्या दिवशी मी त्याला म्हटलं, "आता विसर." तो म्हणाला, "हप्ता फिटला. तो फोटो अजून भिंतीवर आहे."

या काळात त्याने लॉकचा नाद घेतला. भंगारातून मोडके ट्रायपॉड आणायचा, उघडायचा, धुवायचा, जोडायचा. घरामागच्या खोलीत दुरुस्तीचं टेबल मांडलं आणि क्लबातले लोकच गिऱ्हाईक झाले. ढिलोबा म्हणून हसायचे आणि पाय त्याच्याकडेच आवळून घ्यायचे. धुतलेल्या नळ्या कपड्यांच्या दोरीवर वाळत असत. वहिनी म्हणायच्या, "लोकांच्या घरी सवत दोन पायांची असते, माझी तीन पायांची आहे. आणि हिच्या नळ्याही मीच वाळत घालते." खोलीत भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर ज्यांच्याकडून पैसे यायचे त्यांची नावं आणि रकमा, ठळक अक्षरांत. आलेल्या प्रत्येकाला ती वाचायला मिळत, त्यामुळे वसुली चोख होती. फळ्याच्या वर एका खिळ्याला ती काळी डबी टांगलेली.

अकरा वर्षं गेली. जानेवारी २०१५मध्ये क्लबाने सभासदांना वापरायला द्यायला सहा ट्रायपॉड घ्यायचं ठरवलं. डॉक्टरांनी स्वतःसाठी नुकताच पिळाच्या लॉकचा भारी ट्रायपॉड आणला होता आणि तसेच सहा घ्यावेत असा त्यांचा आग्रह होता. कोणीतरी म्हणालं, जो दुरुस्त करतो त्याचं मत घ्या. डॉक्टर म्हणाले, "घ्या की! ढिलोबाचं व्याख्यान ठेवा. करमणूक होईल."

निरोप आला, त्या दिवशी मी त्याच्याकडेच होतो. त्याने डबी खिळ्यावरून काढली, हलवली, कानाशी नेली आणि परत टांगली. दुसऱ्या दिवसापासून प्रयोग सुरू झाले. नदीवरून दुसरी वाळू आणली. पिळाच्या लॉकच्या ट्रायपॉडमध्ये अर्धा चमचा घातली, कडं आवळलं, वर तीन लिटर पाण्याची बाटली बांधली आणि घड्याळ लावलं. हाताला कडं दगडासारखं घट्ट लागायचं. चार मिनिटं काही होत नसे. मग केसाएवढा पाय सरकायचा, मग बोटभर, मग धाडकन सगळं खाली, वहिनींच्या उशीवर.

"उशी माझीच का?" वहिनी आतून ओरडल्या.

"तुझी मऊ आहे."

"निदान अभ्रा तरी बदला!"

असे एकोणीस प्रयोग झाले. नोंदी मी ठेवल्या. वेळ पाच मिनिटं चाळीस सेकंदांपासून सहा मिनिटं वीस सेकंदांपर्यंत, सरासरी सहा मिनिटांच्या आतबाहेर. वही मिटताना मी विचारलं, "डॉक्टरांचा कॅमेरा लाखाच्या घरातला आहे. पडू देणार की धरणार?"

"मी धरणार नाही," तो म्हणाला.

"भरून मागितला तर? पेन्शन किती आहे तुझं?"

"मी चढवणारच नाही. ते स्वतः चढवतील."

"आणि नाही चढवला तर?"

"खजिनदार, अकरा वर्षं ओळखतो मी त्यांना."

व्याख्यान रविवारी सकाळी क्लबाच्या हॉलमध्ये झालं. चाळीसेक माणसं होती. भिंतीवर तो फोटो होताच. त्याने पुढे डाव्या हाताला आपला खटक्याच्या लॉकचा ट्रायपॉड उभा केला, त्यावर आपला कॅमेरा. कॅमेऱ्याला लांब वायरचं बटण. मधली जागा मोकळी. सुरुवातीला तो फार व्यवस्थित बोलला. खटक्याचं लॉक झुडपात अडकतं, बोट चिमटतं, आवाजाने पक्षी उडतो. पिळाचं लॉक मुकाट असतं, पण एकेक पाय धुवावा लागतो, कडी उघडून, दर वेळी.

"म्हणजे पिळाचंच बरं," डॉक्टर पहिल्या रांगेतून म्हणाले. "धुवायला काय लागतं?"

"तुमचा ट्रायपॉड देता का? दाखवतो."

डॉक्टरांनी ऐटीत दिला. याने एका पायाचं कडं सोडवलं, खिशातून काळी डबी काढली, अर्धा चमचा वाळू आत टाकली, कडं पिळलं आणि ट्रायपॉड मोकळ्या जागेत उभा केला.

"डॉक्टर, तुम्हीच बघा. घट्ट आहे?"

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी कडं पिळून पाहिलं. "दगड आहे दगड."

"कॅमेरा पेलेल?"

"न पेलायला काय झालं? भारी माल आहे, तुझ्या त्या भंगारासारखा नाही." त्यांनी आपला कॅमेरा, मोठ्या लेन्ससकट, सगळ्यांदेखत वर चढवला आणि टाळी वाजवावी तसे हात झटकून जागेवर बसले.

याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"आता ही वाळू कुठली ते सांगतो," तो म्हणाला. आणि एप्रिल २००४पासून सुरुवात केली. ट्रायपॉड कोणी नेला, कुठे नेला, कसा पुसून दिला. कर्ज किती, हप्ते किती, तळ्यात गेल्यावर किती उरले. दवाखान्यात काय उत्तर मिळालं. आवाज चढला नाही. गोदामात माल उतरवून घेताना यादी वाचावी, तसं तो एकेक कलम वाचत होता. डॉक्टरांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांचं लक्ष ट्रायपॉडकडे गेलं. पाय केसभर सरकला होता.

"हा काय चावटपणा आहे?" ते अर्धवट उठले.

"बसा, डॉक्टर. अजून दीड मिनिट आहे. हा पाय मी आवळलेला नाही, तुम्ही आवळलाय. आणि वाळूचं काय, कुठेही असते."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. डॉक्टर बसले. उठून कॅमेरा काढावा तर आपण आवळलेलं लॉक ढिलं, हे कबूल होतं. न उठावं तर कॅमेरा जातो. मी एका बाजूला बसलो होतो. त्या एका मिनिटात डॉक्टरांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला, आणि खोटं कशाला बोला, मला बरं वाटलं. पाय बोटभर सरकला. हा बोलतच होता, "तर त्या दिवशी माझ्याजवळ एक गृहस्थ दोन पावलांवर उभे होते. त्यांनी काय केलं, ते भिंतीवर लावलेलं आहे..."

पाय सुटला. डॉक्टर खुर्ची पाडून धावले आणि गुडघ्यांवर आपटले. कॅमेरा पोटाशी कवटाळला, ट्रायपॉड पाठीवर पडला, चष्मा एका कानाला लटकला. तोंड उघडं पडलं होतं. त्याच क्षणी याने वायरचं बटण दाबलं. खटक्याच्या लॉकवरचा कॅमेरा बरोबर तिथेच रोखलेला होता.

"छान आला," तो म्हणाला. मग सभासदांकडे वळून, "माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. पिळाचं लॉक स्वतःपुरतं ठेवायच्या मालाला चांगलं. उसना द्यायच्या मालाला खटक्याचं घ्या. नीट बंद केलं की नाही, ते दुसऱ्याला दिसतं."

क्लबाने खटक्याचेच सहा घेतले. पाचव्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यातला मदतनीस एक पाकीट आणि तो ट्रायपॉड घेऊन आला. पाकिटात १८,६५० होते, चिठ्ठी नव्हती. तोंडी निरोप होता की, भिंतीवरचा जुना फोटो उतरवला आहे, तर नवा फोटो मिटवावा आणि ट्रायपॉड साफ करून द्यावा.

याने नोटा दोनदा मोजल्या. मी म्हटलं, "व्याज धरलं तर जवळपास दुप्पट होतात." तो म्हणाला, "व्याज नको. व्याज घेतलं की प्रकरण बंद होतं." मदतनिसाला सांगितलं, "पैसे कॅमेऱ्याचे आले. फोटोचा यात उल्लेख नाही."

नवा फोटो त्याने मोठा करून दुरुस्तीच्या खोलीत लावला, डबीच्या रिकाम्या खिळ्यावर. नाव दिलं नाही. क्लबातला प्रत्येक जण कधी ना कधी पाय आवळून घ्यायला तिथे येतोच. वहिनींना ते आवडलं नाही. "झालं ना आता मनासारखं? उतरवा तो," असं त्यांनी मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने अनेकदा म्हटलं आहे. त्याचं ढिलोबा हे नाव मात्र काही गेलं नाही. लोकांच्या जिभेला वळण पडलं होतं. परवा भाजीवाल्यानेही त्याला तशीच हाक मारली आणि तो भाजी न घेताच घरी परतला.

डॉक्टरांचा ट्रायपॉड त्याने उघडला, धुतला, तिन्ही पायांतल्या कड्यांखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या बदलल्या. वाळू त्यांची, तेव्हा खर्चही त्यांचाच, असं म्हणून चाळीस लावले. मदतनीस चाळीस घेऊन तीनदा आला. एकदा सुटे नाहीत म्हणून परत पाठवला, नेमके चाळीस आणले असताना. एकदा पावतीपुस्तक संपलं होतं. तिसऱ्यांदा याने सांगितलं, ज्याच्याकडून येणं आहे त्याने स्वतः यावं. डॉक्टर अजून आलेले नाहीत.

पुढच्या वर्षी मीही निवृत्त होतो आहे. गेल्या रविवारी त्याच्याकडे गेलो होतो. फळ्यावर एकच नाव आहे, नव्या खडूने पुन्हा गिरवलेलं : दातांचे डॉक्टर, येणे बाकी चाळीस.