ताईच्या अटींचं झाड

मावशी यवतमाळात वधू-वर मंडळ चालवते. तिच्या वेबसाइटवर स्थळं शोधायची सोय मी लिहून देत होतो, आणि पहिलं गिऱ्हाईक माझी मोठी बहीणच होती. ताई राळेगावला शिक्षिका. एकही स्थळ तिला पटत नव्हतं आणि घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

कोण काय अट घालेल, हे मला आधी कसं कळणार? म्हणून डेटाबेसला विचारायचं वाक्य मी कोडमध्ये आयतं लिहिलंच नाही. माणूस जशी अट सांगेल तशी एकेक फांदी फुटायची, 'आणि' किंवा 'किंवा'ने जोडली जायची, आणि अख्खं झाड झालं की मगच ते डेटाबेसकडे जायचं. या खेळाचं मला भारी वेड लागलं होतं.

"नोकरी नाहीतर शेती," ताई म्हणाली. "अन सुपारी-तंबाखूचा खर्रा खानारा नको."

"मंग यवतमाळात उरन कोन?" मावशी हसली.

स्थळं आली. पहिलाच ताईच्या ओळखीचा निघाला, नोकरीवाला आणि खर्रा खाणारा. "नोकरीवाल्याले खर्रा माफ हाय का?" तिने विचारलं. पाहतो तर खर्र्याची अट नुसत्या शेतीवाल्यांना चिकटलेली. ती उचलून नोकरी आणि शेती या दोन्ही फांद्यांच्या वर बांधली.

मग ताई हळूच म्हणाली, "लग्नानंतर आईबाबा माह्याजवळ राह्यतीन."

नवा रकाना जोडून मी शोध लावला. पडदा कोरा.

"थे काढ," मावशी म्हणाली. "पोरीकडच्यायनं असं म्हनाव का?"

ताईचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण डोकं झाडातच अडकलेलं. रकाना नवा, रिकामा असणारच. 'विचारलं नाही' आणि 'नाही म्हणाले' यांतला फरक माझ्या झाडाला कळतच नव्हता. मी आणखी एक फांदी लावली: किंवा रकाना रिकामा असेल तर. गेलेली स्थळं परत आली.

"हे कुठून आले?"

"यायले तू कधी इचारलंच नाही, मावशी," मी म्हणालो.

मावशीने त्यांतल्याच कळंबच्या एका घरी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि ताईच्या आईबाबांच्या अटीबद्दल मुलाच्या आईला सरळ विचारलं.



"माह्या लग्नात हे कोनी इचारलं नाही बाई," ती बाई म्हणाली. "माय माही एकटीच गेली. त्या पोरीले सांगा, थे अट काढू नको."