सुतळीनं बांधलेली खुर्ची

आमच्या फाटकाची बिजागरी तुटली आणि मला घरीच वेल्डिंग मशीन घ्यायची हौस आली. कुठलं घ्यावं हे विचारायला मलकापुरातल्या एका वेल्डरकडे गेलो. त्याच्या भुवया जळालेल्या, टेरिलिनच्या सदऱ्याला ठिणग्यांची भोकं. आणि बसायच्या लोखंडी खुर्चीचा पाय चक्क सुतळीनं बांधलेला.

"आवं, मशीन कुठलंबी घ्या," तो म्हणाला, "पर फाटक आधी हितं जोडून न्या. एकदा आळीला कळलं की तुमचं ऱ्हातंय तसंच, लोकांचंच जोडत बसाल."

मी हसलो आणि मशीन घेतलं. त्याच दिवशी समोरचे आबा सायकलचं स्टँड घेऊन आले, मागोमाग सगळी आळी.

त्याला चार वर्षं झाली. मशीन कुठलं घ्यावं ते मला अजून कळत नाही. फाटकाला सुतळी कुठली घ्यावी, हे मात्र छातीठोकपणे सांगतो.