एन्ड्रिनबंदीचा अर्ज आणि अक्कलकोटची एसटी

सत्तरच्या दशकातली गोष्ट. एन्ड्रिन या फवारणीच्या विषावर सरकारनं बंदी घालावी, म्हणून पुण्यात आम्ही पाच-सहा जणांनी अर्ज लिहिला होता. अर्ज झकास होता, पण खालच्या सगळ्या सह्या सदाशिव पेठेतल्या. प्रत्यक्ष फवारणाऱ्याची एकही नाही. रजा शिल्लक असलेला मी एकटाच, म्हणून मोहीम माझ्या गळ्यात पडली.

सकाळची पॅसेंजर धरली. कुणी जाणार असेल तर सांगतो, कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबते, तिथंच चहा उरकावा. सोलापुरात धर्मशाळेत उतरलो. खानावळीत कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणी. चटणी जपून खावी. मी जपलं नाही आणि दुसऱ्या दिवशी दोन एसट्या चुकवल्या.

अक्कलकोटच्या एसटीत पुढच्या बाकांवर मराठी, मागच्या बाकांवर कन्नड आणि कंडक्टर दोन्ही भाषांत खेकसत होता. आधी पत्र टाकलं होतं, म्हणून फाट्यावर तिथल्या गावच्या शाळेचे गुरुजी न्यायला आले होते. दोन मैल चाललो. दोन्ही बाजूंना तूर फुलली होती.

गुरुजींनी मला थेट इरव्वाच्या घरी नेलं. तिचा नवरा सिद्धाप्पा मालकाच्या तुरीवर फवारणी करायचा. गेल्या खेपेला तो बांधावरच कोसळला होता. वाचला, पण हात अजून कापत होते, आणि सोमवारी पुन्हा जायचं होतं.

"न्हाय म्हटलं तर मालक पुन्यांदा कामाला बोलवीत न्हाय," तो म्हणाला.

मी अर्ज वाचला. त्यातलं पुस्तकी मराठी दोघांनाही जड गेलं, म्हणून गुरुजींनी तो कन्नडमध्ये समजावला. इरव्वानं एवढंच विचारलं, "ह्यावर अंगठा दिला तर इष बंद व्हतंय?"

"त्यासाठीच तर अर्ज आहे," मी म्हणालो.

"माज्या आज्ज्यानं कागदावर अंगठा दिला, अन् दुसऱ्या दिशी आमच्या रानात दुसऱ्याचा नांगर. अंगठ्यात लई ताकद असती की!"

तिनं अंगठा उठवला. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खुशीत पुढच्या घरी गेलो.

अठ्ठावीस अंगठे घेऊन पुण्याला परतलो. अर्ज मुंबईला गेला आणि रीतसर पोच आली, 'विचाराधीन आहे.' पाठोपाठ गुरुजींचं कार्ड आलं. इरव्वानं मालकाच्या दारात जाऊन ठणकावलं होतं की विषावर बंदी आली, मी स्वतः अंगठा दिलाय. सरकारी लफडं नको म्हणून मालकानं पंप गुंडाळून ठेवले होते. सिद्धाप्पा आता ज्वारीच्या कोळपणीवर होता. शेवटी गुरुजींनी विचारलं होतं, 'तिला खरं काय ते सांगू का?'

मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. उलट टपाली कळवलं, 'तूर घरात येईपर्यंत कुणालाही काही सांगू नका.'